हिवाळ्याचा निकाल जुलैत लागतो

मंगोलियातल्या मेंढपाळाला हिवाळ्याची धास्ती लागते ती जुलैत, गवत ऐन भरात असायला हवं तेव्हा. तिथला बहुतेक पाऊस जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पडतो. त्यात खंड पडला की गवताची वाढ खुंटते, मेंढ्यांच्या शेपटीच्या बुडाशी जी चरबी धरायला हवी ती धरत नाही. अशी हडकलेली जनावरं नोव्हेंबरात शिरली की नेहमीचा बर्फही त्यांना पुरून उरतो. बातम्यांत दिसतात ते बर्फाचे ढीग आणि उणे 40 अंशांची थंडी, पण त्या मरणाचं निम्मं कारण उन्हाळ्यातच घडून गेलेलं असतं. हा देश समजून घ्यायचा तर मला वाटतं इथूनच सुरुवात करावी. चंगीझ खान नंतर येईलच.

क्षेत्रफळ सुमारे 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. माणसं मात्र 35 लाखांच्या आसपास, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातर शहरात. जमिनीची सरासरी उंची 1,580 मीटर. उत्तरेला रशिया, उरलेल्या तिन्ही अंगांना चीन. तिसरा शेजारी नाही. पश्चिम टोकापासून कझाकस्तान 40 किलोमीटरांच्याही आत आहे, पण मधली चिंचोळी पट्टी याच दोघांची. समुद्र इतका लांब की तिथून निघालेल्या वाऱ्यातली ओल वाटेतच संपते. हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवा ठाण मांडून बसते. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख आणि गारठा हाडं फोडणारा. उलानबातरला जानेवारीच्या रात्री पारा उणे 30 च्या खाली जाणं नित्याचंच. पाऊस उत्तरेच्या डोंगरांत 300-400 मिलिमीटर, गोबीत 100 च्या आतबाहेर.

नद्यांचीही तीन दिशांना पांगापांग. तूल ओरखोनला मिळते, ओरखोन सेलेंगेला, सेलेंगे बैकाल सरोवरात जाते आणि ते पाणी शेवटी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात पोचतं. ओनोनचं पाणी पूर्वेला आमूरमार्गे प्रशांत महासागराकडे. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या नद्या कुठल्याच समुद्राला लागत नाहीत. खाऱ्या सरोवरांत नाहीतर वाळूत जिरून जातात. उत्तरेचं खोव्सगोल सरोवर 262 मीटर खोल आहे, आणि देशाच्या गोड्या पाण्याचा सुमारे 70 टक्के साठा त्या एका ठिकाणी. बाकी देश तहानलेला.

अशा जमिनीत शेती कुठे पिकणार? लागवडीखाली एक टक्काही जमीन नाही. पिकतं ते गवत, तेही विखुरलेलं. यंदा या खोऱ्यात सर आली, पलीकडचं खोरं कोरडं. पुढल्या वर्षी उलट. गवत माणसाला खाता येत नाही आणि ते गोळा करून एका जागी आणणं परवडत नाही. म्हणून जनावर गवताकडे जातं आणि जनावरामागे माणूस. यात भटकण्याचा शौक कमी आणि हिशेब जास्त आहे. कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुठलं कुरण राखून ठेवायचं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या घासून पक्कं झालेलं गणित आहे.

जनावरं पाच जातींची: घोडे, दोन मदारींचे उंट, गाई-याक, मेंढ्या आणि शेळ्या. पाचही बाळगण्याला कारण आहे. उंट गोबीतली काटेरी झुडपं खाऊन राहतो. याक उंच, ओल्या कुरणावर सुखी. घोडा खुराने बर्फ उकरतो, म्हणून बर्फाळ कुरणावर आधी घोडे सोडतात. त्यांनी फोडलेल्या बर्फातून मग मेंढ्या-शेळ्या चरत जातात. गाईला हे जमत नाही. ती जिभेने गवत गुंडाळून ओढते, त्यामुळे बर्फ चढला की सगळ्यात आधी तीच उपाशी. एका प्रकारच्या आपत्तीत एक जात मेली तरी दुसरी तगते, घर सावरतं.

वर्षाचे मुक्काम चार. हिवाळी तळ डोंगराच्या दक्षिण उतारावर, वायव्येच्या वाऱ्याला पाठ देऊन. तिथे जनावरं कोंडायच्या वाडग्यात वर्षानुवर्षांच्या लेंड्यांचा थर दाबून घट्ट झालेला असतो. हा थर कोरडा असेल तर जनावरांना खालून ऊब मिळते. ओला राहिला तर तोच गोठून त्यांच्या अंगातली ऊब खेचून घेतो. म्हणून शरदात तो उकरून, उलथून वाळवायचा. त्याच्या कापलेल्या विटा भिंतीला आणि चुलीला, दोन्हीकडे चालतात. वसंताचा तळ वारा अडेल अशा जागी, कारण तेव्हा कोकरं-करडं जन्माला येतात. उन्हाळ्याचा नदीकाठी. शरदाचा मुक्काम मात्र हलता: चरबी चढवण्यासाठी कुटुंबातले एक-दोघे कळप घेऊन लांबच्या, न चरलेल्या रानात जातात. याला ते ओतोर म्हणतात. खांगाई डोंगरांत दोन तळांमधलं अंतर दहा-वीस किलोमीटरांचंही असतं, गोबीत शंभरावर जातं.

हिवाळी तळाभोवतीच्या कुरणात उन्हाळ्यात कुणी जनावर घालायचं नाही, हा नियम सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. गंमत अशी की या राखीव कुरणांत पुष्कळदा पाणीच नसतं. उन्हाळ्यात ती म्हणूनच निरुपयोगी. हिवाळ्यात बर्फ पडला की जनावरं बर्फ चाटून तहान भागवतात आणि गवत मोकळं होतं. म्हणजे बर्फ शत्रूही आणि पाणवठाही. थोडा हवाच, फार नको.

एवढ्या हालचालीला घरही तसंच लागतं. गेर, म्हणजे त्यांचं गोल तंबूघर, पाहायला साधं वाटतं, पण त्याच्या प्रत्येक भागामागे विचार आहे. भिंत म्हणजे विलोच्या पट्ट्यांची घडीची जाळी. पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे कच्च्या कातड्याच्या वादीने बांधलेल्या. सर्वसाधारण घराला अशा पाच जाळ्या. माथ्यावर लाकडी चक्र, तोओनो. त्याला आधार दोन खांबांचा, आणि जाळीच्या शेंड्यापासून चक्राच्या भोकांपर्यंत जाणारे वासे 80 च्या आसपास. एकही खिळा न ठोकता सगळा सांगाडा उभा राहतो.

उभारताना आधी सपाट, पाणी न साचणारी जागा बघायची. पेट्या, पलंग अशा मोठ्या वस्तू गोलाच्या आतल्या जागी आधीच मांडून घ्यायच्या, कारण दार अरुंद. मागाहून त्या आत जात नाहीत. दाराची चौकट दक्षिणेला. जाळ्या उलगडून एकमेकींना आणि चौकटीला बांधायच्या, वरच्या कडेने आतून पट्टा आवळायचा. मग दोघांनी खांबांवर चक्र तोलून धरायचं आणि चार दिशांचे चार वासे पहिल्यांदा बसवायचे. इथे घाई केली तर काम बिघडतं. चक्र एका अंगाला कललं की समोरच्या बाजूचे वासे भोकांतून निसटतात आणि पुन्हा पहिल्यापासून. चारांवर तोल साधला की बाकीचे वासे भराभर बसतात. त्यावर पातळ कापड, मग दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, मग पाणी रोखणारं कॅनव्हास, सगळ्यांवर पांढरं आवरण, आणि बाहेरून घोड्याच्या केसांचे दोर. तीन-चार सवयीची माणसं दोन-तीन तासांत हे करतात.

जाळी किती ताणायची हेही हवामान ठरवतं. पावसाच्या दिवसांत ती कमी उलगडतात: भिंत उंच होते, घेर लहान, छप्पर तीव्र उताराचं, पाणी थांबत नाही. वाऱ्याच्या दिवसांत जास्त उलगडतात, म्हणजे घर बुटकं, पसरट, वारा वरून निसटून जातो. चक्रापासून आत एक दोर लोंबत असतो, छागतागा. एरवी तो वाशांमागे नीट गुंडाळून खोचलेला. वादळ उठलं की तोच खाली ओढून जड दगडाला बांधायचा किंवा माणसांनी लोंबकळून धरायचा, कारण वारा घर ढकलून पाडण्याआधी ते वर उचलतो. हिवाळ्यात नमद्याचे दोन-तीन थर आणि भिंतीच्या पायाशी माती-शेणाची भर. उन्हाळ्यात एकच थर, त्याचीही खालची कड वर गुंडाळलेली. चक्रातून आत पडणारं ऊन दिवसभर वाशांवरून, भिंतीवरून सरकत जातं, आणि दार दक्षिणेला असल्यामुळे त्या उन्हावरून वेळ सांगता येते. घड्याळाआधी दूध काढायच्या वेळा यावरच ठरत.

त्या वेळा सांभाळणं उन्हाळ्यात फार महत्त्वाचं. घोडीची कास लहान. एका वेळी दूध थोडंच उतरतं, म्हणून दर दोन-एक तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा काढावं लागतं. शिंगरं दिवसभर जमिनीलगतच्या दावणीला बांधलेली असतात, त्यामुळे घोड्या लांब जात नाहीत. आधी शिंगरू तोंड लावतं, पान्हा फुटतो, मग त्याला जरा बाजूला करून, पण आईला चिकटूनच उभं ठेवून दूध काढतात. ते कातडी पिशवीत ओतून हजारो वेळा घुसळतात. घुसळण कमी पडली तर आंबणं नीट होत नाही. तयार होतो तो आइराग, आंबट आणि किंचित मादक.

आता झुद. जनावरं घाऊक मरतात त्या आपत्तीला मंगोल लोकांनी हे नाव दिलंय, आणि त्याचे प्रकार कारणांनुसार पाडलेत. पांढरा झुद: बर्फ इतका जाड की खालचं गवत हाती लागत नाही. काळा: बर्फच नाही, म्हणजे कोरड्या कुरणात पाणी नाही, जनावरं तहानेने मरतात. लोखंडी: मध्येच ऊब येऊन बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला, गवतावर काचेसारखं कवच, घोड्याचा खूरही फुटेल पण ते फुटत नाही. खुरांचा: एका जागी फार कळप जमून गवत तुडवलं, संपवलं गेलं. हा शेवटचा प्रकार आभाळातून येत नाही, तो माणसांच्या गर्दीतून येतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते.

बाहेरच्याला सहज वाटतं, वैरण साठवून ठेवावी. हिशेब करून बघा. मेंढीला रोज एक किलो धरलं, 300 मेंढ्या, 150 दिवस: 45 टन. एवढं गवत कापायला तेवढी कुरणं हवीत, माणसं हवीत, आणि ते हिवाळी तळावर वाहून न्यायला गाड्या. म्हणून साठवलेली वैरण अशक्त, गाभण आणि लहान जनावरांपुरती. बाकीच्यांनी अंगावरच्या चरबीवर तगायचं. ती चरबी मार्चपर्यंत पुरते की नाही, एवढाच प्रश्न. सर्वाधिक मरतूक कडाक्याच्या जानेवारीत होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये होते, जनावर पार खंगलेलं असतं, विण्याचे दिवस असतात आणि एखादं वादळ उठतं तेव्हा. 1999 ते 2002 या लागोपाठच्या तीन हिवाळ्यांत एक कोटीहून जास्त जनावरं गेली. 2009-10 च्या एकाच हिवाळ्यात जवळपास एक कोटी. 2023-24 मध्ये 70 लाखांहून अधिक.

झुद जुनेच आहेत. बदललं ते हलण्याचं स्वातंत्र्य, आणि इथे इतिहास मध्ये येतो.

ओरखोनचं खोरं बघा. आठव्या शतकात तुर्की कागानांनी, म्हणजे सम्राटांनी, तिथे कोरीव लेख उभारले, त्यांच्यामागून उइघुरांनी राजधानी वसवली, आणि तेराव्या शतकात मंगोलांनी काराकोरम. पाणी, चांगलं गवत आणि चहूदिशांना मोकळ्या वाटा ज्याच्याकडे, त्याच्याकडे स्तेपची, म्हणजे या गवताळ मैदानांची, सत्ता. 1206 मध्ये ओनोनच्या उगमाजवळ तेमुजिन चंगीझ खान झाला. खांगाईतल्या जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं सांगतात की 1211 ते 1225 ही वर्षं नेहमीपेक्षा ओली होती. गवत मुबलक, म्हणजे घोडे मुबलक. साम्राज्य निव्वळ गवतावर उभं राहिलं असं कुणी म्हणू नये. पण प्रत्येक स्वारामागे तीन-चार घोडे लागणारं सैन्य दुष्काळात इतकं लांब गेलं नसतं हेही खरं. काराकोरमला चंगीझच्या मुलाने, ओगदेइने, 1235 मध्ये तट बांधला. शहर मात्र स्वतःचं पोट भरू शकत नव्हतं. धान्य चीनकडून गाड्यांनी येई. 1260 नंतर चंगीझचे नातू कुबलाई आणि आरिक बोके या भावांत जुंपली तेव्हा कुबलाईने तो पुरवठा तोडला आणि राजधानी उपासमारीने टेकीला आली. एका जागी ठाण मांडलेल्या वस्तीचा दुबळेपणा त्या एका घटनेत पुरता कळतो. 1586 मध्ये त्याच अवशेषांचे दगड वापरून तिथे एर्देने झू हा मठ बांधला गेला.

उलट उदाहरण आजच्या राजधानीचं. 1639 मध्ये ती सुरू झाली ती गेरमधला फिरता मठ म्हणून. आजूबाजूचं गवत आणि सरपण संपलं की देव, ग्रंथ, भिक्षू, सगळं बिऱ्हाड पुढे. पंचवीसहून अधिक वेळा ते हललं आणि 1778 मध्ये तूल नदीच्या खोऱ्यात कायमचं थांबलं. सव्वाशेहून अधिक वर्षं चालत राहिलेलं हे तीर्थक्षेत्र मला काराकोरमहून मोठं आश्चर्य वाटतं.

दरम्यान 1691 मध्ये खाल्खा या मोठ्या मंगोल गटाच्या सरदारांनी चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सम्राटाचं स्वामित्व मान्य केलं. मांचूंनी प्रदेशाचे तुकडे पाडले, प्रत्येक सरदाराला हद्द आखून दिली आणि हद्द ओलांडायला बंदी केली. भटक्यांना काबूत ठेवायचा याहून खात्रीचा उपाय नव्हता. एकोणिसाव्या शतकापर्यंत सामान्य कुटुंबं चिनी व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडाली होती. 1911 मध्ये स्वातंत्र्याची घोषणा, 1921 मध्ये सोव्हिएत मदतीने क्रांती, 1924 मध्ये लोकप्रजासत्ताक. 1930 च्या दशकाअखेर शेकडो मठ उद्ध्वस्त झाले, हजारो भिक्षू मारले गेले. ती जखम अजून भरलेली नाही. 1959-60 पर्यंत बहुतेक सर्व मेंढपाळ सामूहिक संस्थांत, नेगदेलमध्ये, ओढले गेले. जनावरं सरकारजमा झाली हे वाईटच. पण नेगदेलने खोल विहिरी खणल्या, पंप बसवले, पशुवैद्य नेमले, बिऱ्हाड हलवायला ट्रक दिले, आपत्तीसाठी वैरण साठवली.

1990 च्या शांततामय क्रांतीनंतर हे सगळं दोन-तीन वर्षांत विरघळलं. जनावरं कुटुंबांत वाटली गेली; पंप, ट्रक आणि पशुवैद्य वाऱ्यावर. 1992 च्या राज्यघटनेने कुरण खासगी मालकीत जाऊ दिलं नाही, तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. आजही कुटुंबाला हिवाळी तळाच्या जागेचा ताबा कागदावर मिळतो, भोवतालचं रान मात्र सगळ्यांचं. पण रान सगळ्यांचं असेल तर ते कुणी राखायचं, हे सांगणारी यंत्रणा उरली नाही. कारखाने बंद पडले, बेकार माणसं जनावरं घेऊन रानात आली. तेव्हा अडीच कोटींच्या आसपास असलेली जनावरं पुढे सात कोटींपर्यंत चढली.

त्यात सर्वांत वाढल्या शेळ्या, कश्मीरी लोकरीपायी. एका शेळीच्या अंगावरून कच्ची लोकर मिळते फार तर 250-300 ग्रॅम, एप्रिल-मेमध्ये लांब दातांच्या फणीने विंचरून. पूर्वी कळपात मेंढ्या जास्त, शेळ्या थोड्या असत. शेळ्या पुढे चालून वाट दाखवत आणि रात्री मेंढ्यांच्या उबेला निजत. शेळी गवत अगदी मुळापाशी तोडते, प्रसंगी उपटते. आणि अंगातलं आतलं अस्तर विंचरून काढल्यावर उशिराची थंडी पडली तर तीच सर्वांत आधी काकडून मरते. बाजारभाव चढला की विंचरायची घाई होते, हे ठरलेलं.

हलणं महाग झालं हे दुसरं दुखणं. उंटांच्या जागी आता छोटा ट्रक आला. डिझेल जवळजवळ सगळं बाहेरून येतं, मुख्यतः रशियातून, आणि देशात तेलशुद्धीकरण कारखाना नाही. तो डोर्नोगोबी प्रांतात भारताच्या कर्जातून उभा राहतो आहे. बंदर म्हणाल तर चीनचं थ्येनचिन, उलानबातरपासून सुमारे 1,700 किलोमीटर. 1956 पासून बीजिंगपर्यंत रेल्वे आहे, पण मंगोलियाचे रूळ रशियन मापाचे, 1,520 मिलिमीटर, चीनचे 1,435. सीमेवर डबे उचलून खालच्या चाकगाड्या बदलाव्या लागतात, मालाची उतरवाचढव करावी लागते. कोळसा-तांब्याला हा खर्च सोसतो, मेंढीच्या लोकरीला सोसत नाही. डिझेल चढलं की गरीब कुटुंब वर्षातून चारदा हलायचं ते दोनदा हलतं, राखीव कुरणाला उन्हाळ्यातच तोंड लागतं, आणि पुढचा झुद त्याच घरावर सर्वांत जोरात कोसळतो.

जनावरं गेलेली कुटुंबं गेर उचलून उलानबातरच्या टेकड्यांवर येतात. तेच घर, तीच चूल, पण आता गोवऱ्यांऐवजी कोळसा, आणि पुन्हा न हलणारा मुक्काम. हिवाळ्यात गार हवा खोऱ्यात बसून राहते, वर उबदार थराचं झाकण, त्याखाली हजारो धुराड्यांचा धूर कोंडतो. 2019 मध्ये शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी आली, त्याजागी दाबलेल्या वड्या. धूर काही कमी झाला, गर्दी तशीच आहे.

2020 मध्ये संसदेने जनावरांवर डोईपट्टीचा, म्हणजे दर जनावरामागे कराचा, कायदा केला. दर स्थानिक सभेने ठरवायचा आणि पैसा कुरणं, विहिरी अशा कामांना लावायचा. माझ्या मते त्यातली विहिरीची बाब पहिली घ्यावी. मेंढ्या पाणवठ्यापासून चार-पाच किलोमीटरपर्यंत चरून परततात. पाच किलोमीटरचं वर्तुळ धरलं तर एक विहीर म्हणजे सुमारे 78 चौरस किलोमीटर कुरण. पंप बंद असेल तर तेवढं रान उन्हाळ्यात ओस पडतं आणि तिथले कळप शेजारच्या विहिरीवर जाऊन तिथलं गवत संपवतात. पंप दुरुस्त झाला तर दोन्ही विहिरींभोवतीच्या गवताला श्वास मिळतो, आणि ओतोरला निघालेल्या कळपाला वाटेत थांबायला एक जागा वाढते.